पाय उचलू नकोस

प्रिय ओंकार,

परवा फोनवर तुझा पहिला प्रश्न होता, "ताई, गाडी किती पळवलीस?" तेव्हा घाईत होते, आज निवांत लिहिते. तुझ्याबरोबर मानकोलीच्या गोदामात रात्रपाळीला जाणाऱ्या पोरांनाही हे वाचून दाखव. पत्र त्यांच्यासाठीही आहे.

चेन्नईच्या अलीकडे, श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टैला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक आहे. पूर्वी त्यांच्या शर्यती शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर व्हायच्या. १९९०पासून हा सुमारे पावणेचार किलोमीटरचा ट्रॅक आहे. पुणे, कोल्हापूर, बेळगाव, बंगळुरू असं साधारण १३०० किलोमीटर जाऊन मी तिथे दोन दिवस गाडी चालवायला नव्याने शिकले.

पहिला तास गाडी रिकामी करण्यात गेला. छत्री, पाण्याची बाटली, डॅशबोर्डवरचा गणपती, सगळं बाहेर काढलं. जोरात ब्रेक लागला की सुटी वस्तू पुढे येते, आणि बाटली पेडलखाली गेली तर ब्रेक दाबलाच जात नाही. मग चाकांचे नट, टायरची हवा, ब्रेक ऑइल तपासलं. मग बसणं. ब्रेक पूर्ण दाबला तरी गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे, पाठ सीटला लावून हात लांब केला तर मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर टेकलं पाहिजे. तू रेलून बसतोस, ते आजपासून सोड.

आणि मग ब्रेक. सरळ पट्ट्यावर वेग घ्यायचा आणि खुणेपाशी ब्रेक पूर्ण ताकदीने दाबायचा. मला वाटलं, दाबला. शेजारी बसलेले प्रशिक्षक म्हणाले, "हा अर्धाच. अजून जोरात." दुसऱ्यांदा पायाखाली पेडल थरथरलं, खडखड आवाज आला आणि मी घाबरून पाय उचलला. ते शांतपणे म्हणाले, "तो एबीएस आहे. चाकं अडकू नयेत म्हणून ब्रेक सेकंदात अनेकदा सोडतो आणि धरतो. थरथरलं म्हणजे तो काम करतोय. पाय उचलू नका."

मी गाडीतून उतरले आणि थोडा वेळ बाजूला उभी राहिले. राजनोली नाक्याजवळचा तो पावसाळी दिवस आठवतो ना? टेम्पो अचानक थांबला आणि मी मागून धडकले. सीटबेल्टचा वळ आठवडाभर आईच्या खांद्यावर होता. घरी मी सांगितलं, ब्रेक लागलाच नाही. ओंकार, ब्रेक लागत होता. पेडल असंच थरथरलं होतं आणि मी पाय उचलला होता.

एप्रिल २०१९पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचा आहे. पण ते थरथरणं काय असतं, हे आपल्याला कुणी सांगत नाही. लायसन्स मिळतं, आणि आयुष्यात एकदाही ब्रेक पूर्ण न दाबता आपण भिवंडी बायपासवर कंटेनरांच्या मधे शिरतो.

वेगाचा हिशेबही तिथेच अंगात भिनला. ताशी ६० ने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते, म्हणजे पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच तेवढा रस्ता संपतो. आणि वेग दुप्पट केला की ब्रेक लावल्यानंतरचं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं.

वळणावर नियम एकच: वेग वळणाआधी, गाडी सरळ असताना कमी करायचा. टायर रस्त्याला धरतो तो जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर. ती पकड ब्रेकने खाल्ली तर वळायला उरत नाही. आणि नजर जाईल तिकडे गाडी जाते. आपण अंजूरफाट्याला खड्ड्याकडे बघत राहतो आणि नेमके त्यातच जातो. बाजूच्या मोकळ्या जागेकडे बघ.

ट्रॅकवर पुढच्या गाडीला मागे टाकायचं ते फक्त सरळ पट्ट्यावर, आणि पुढच्याने हात दाखवला तरच. कसारा घाटात जुने ट्रकवाले असाच हात बाहेर काढून वाट देतात. तो दिसेपर्यंत मागे थांबण्यात कमीपणा नाही.

आता तुझं उत्तर. जास्तीत जास्त किती पळवली, ते मी पाहिलंच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी समोर मांडलेल्या शंकूंच्या हातभर अलीकडे थांबली, ते मात्र लक्षात आहे.

एवढं शिकायला १३०० किलोमीटर जावं लागू नये. आपल्याकडे गोदामांपुढे एवढी मोठी फरसबंद आवारं आहेत. तुझ्या सुपरवायझरला विचार, एखाद्या रविवारी सकाळी दोन तास आवार मिळेल का. शंकूंऐवजी पाणी भरलेल्या बाटल्या ठेवू. पोरांनाही घेऊन ये. ताशी ४० च्या वर जायचं नाही. प्रत्येकाच्या शेजारी मी बसेन आणि एवढंच सांगेन: दाब, अजून दाब, पाय उचलू नकोस.

तुझी,
ताई