रानाचा करार

रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याची जमीन अगदी थोडी. डोंगरावर जे हिरवं दिसतं ते बहुतेक आमच्यासारख्यांच्या मालकीचं, आणि मालक निम्मे मुंबईत. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या रानाच्या सातबारावर पाच नावं आहेत. त्याचं काय करायचं ते गणपतीत सगळे जमले की ओटीवर ठरतं.

तोडीचा व्यापारी उभं रान घेतो, एकरकमी पैसे देतो. ऐन-किंजळ बुंध्यातून पुन्हा फुटतात, त्यामुळे रान गेलं असं कुणाला वाटत नाही. फुटवे जरा जाड झाले की व्यापारी परत हजर. झाडाला म्हातारं होऊच दिलं जात नाही, आणि ककणेर पक्ष्याला घरट्यासाठी ढोली लागते ती म्हाताऱ्या झाडाचीच.

आमच्या रानात वरच्या अंगाला एक बेहडा सुटला होता, दोघांच्या कवेत न मावणारा. उन्हाळ्यात त्याच्या ढोलीत ककणेराची मादी स्वतःला कोंडून घेते. तोंड लिंपलेलं, चोच जाईल एवढीच फट. एकदा मी बघत होतो तेव्हा नर येऊन फांदीवर बसला, मान हलवून गळ्यातून एकेक फळ वर काढत त्या फटीत देत राहिला. झाडाखाली बियांचा खच पडला होता, त्यातल्या काही रुजूनही आल्या होत्या.

पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था या भागात रानमालकांशी करार करते: ठरावीक वर्षं तोड करायची नाही, बदल्यात मोबदला. ओटीवर मी तो कागद वाचून दाखवला. थोरले काका म्हणाले, "व्यापारी यापेक्षा जास्त देईल. घराचं छप्पर बघितलंस का?" छप्पर खरंच गळत होतं. काकांचं चुकत नव्हतं, म्हणून त्यांची समजूत घालायला वेळ लागला. बेहडा दाखवायला त्यांना वर घेऊन गेलो. खाली आल्यावर त्यांनी सही केली.

तरी मला घोर आहे तो पुढचा. अमेरिकेत जंगलाचा मालक तोडीचा आणि बांधकामाचा हक्क कायमचा सोडून देऊ शकतो. जमीन त्याचीच राहते, पण ते बंधन जमिनीला चिकटतं आणि उद्या विकत घेणाऱ्यालाही पाळावं लागतं. आपला सुविधाधिकाराचा कायदा 1882 चा. त्यात शेजारच्या जमिनीसाठी वाट मागता येते, पाणी मागता येतं. रान राखण्यासाठी संस्थेला असा हक्क देण्याची सोय त्यात नाही. आमचा करार सही करणाऱ्यांना बांधतो, जमिनीला नाही. एकानं हिस्सा विकला की तेवढं रान उघडं पडलं. सातबाराच्या 'इतर हक्क' रकान्यात बँकेचं कर्ज लागतं, मग मालकानं आपखुशीनं घातलेलं बंधन का लागू नये? कायद्यात ही सोय व्हायलाच हवी.

तोवर रानाची वाटणी करायची नाही, असं पाचही जणांकडून लिहून घेतोय. काकांनी होकार दिलाय. वसईच्या चुलतभावाशी अजून बोलायचंय. त्याला पोरीच्या लग्नासाठी पैसे हवेत.