लहान दांडा

काकांच्या जीपमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन लहान दांडे आहेत. एक पुढची चाकं जोडतो, दुसरा हाय-लो बदलतो. महिंद्राची जुनी जीप, माझ्याहून वयाने मोठी. आमचं गाव पाटण तालुक्यात, डोंगरावर. पावसाळ्यात शेवटचे तीन किलोमीटर नुसता लाल चिखल. आमच्या वस्तीचं दूध रोज सकाळी त्यातून खाली डेअरीत जातं, ते या दोन दांड्यांच्या जिवावर.

गेल्या जुलैमध्ये काका गोठ्यात घसरले आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. मी लॅपटॉप घेऊन पुण्याहून आले आणि दुधाचं काम अंगावर घेतलं. जीप मला येत होती. म्हणजे, असं मला वाटत होतं.

माझं ज्ञान सगळं मोबाइलवरचं. रात्री रशियन लाडा निवाचे व्हिडिओ बघायचे. 1977 पासून बनत आलेली ही छोटी गाडी फुलटाइम फोर व्हील ड्राइव्ह. बर्फ असो की कोरडा हायवे, चारही चाकांना कायम जोर. काकांची जीप पार्ट टाइम. आता शब्दच बघा ना, पार्ट टाइम म्हटलं की अर्धवट, स्वस्तातलं काहीतरी वाटतं. मग कंपनीने अर्धवेळ दिलेली सोय आपणच पूर्णवेळ का वापरू नये?

काकांना प्लास्टर दाखवायला कराडला नेलं त्या दिवशी मी तेच केलं. चिखल संपला, डांबर लागलं, तरी पुढची चाकं जोडलेलीच ठेवली. म्हटलं, आजारी माणूस सोबत आहे, चार चाकं बरी. डोंगरात पाऊस कोसळत असतो, पण कराडकडे उतरावं तसा तो विरळ होत जातो. त्या दिवशी खाली रस्ता चक्क कोरडा होता. स्टेअरिंग जड लागत होतं. मी जीपच्या वयाला बोल लावला.

हॉस्पिटलच्या आवारात वळवताना टायर कुंईकुंई करायला लागले. काकांनी माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं.

"आगं, ल्हान दांडा काढला न्हाईस व्हय?"

मी दांडा ओढला. निघेना. घाबरून स्टेअरिंग आणखी पिळलं आणि ॲक्सिलरेटर दाबला. खालून 'टक्' आवाज आला.

पुढच्या शाफ्टचा क्रॉस तुटला होता.

मेकॅनिक शाफ्ट सोडवत होता तेव्हा काकांनी मला समजावलं, तेही बाजेवरून. दोघं जण बाज घेऊन कोपऱ्यावरून वळतात तेव्हा पुढचा जास्त चालतो, मागचा कमी. गाडीचंही तसंच. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. निवामध्ये हा फरक सांभाळायला पुढच्या-मागच्या एक्सलांच्या मध्ये तिसरं डिफरन्शियल असतं. आमच्या जीपमध्ये ते नाही. दांडा टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरायला बांधले जातात. चिखलात चाक थोडं घसरतं आणि हिशेब फिटतो. कोरडं डांबर घसरू देत नाही, मग पीळ शाफ्टात, गिअरांत साठत जातो. त्यात आमचे मागचे टायर नवे आणि पुढचे झिजलेले, म्हणजे लहान. सरळ रस्त्यावरसुद्धा पीळ भरतच होता.

"आडाकला की जोर करायचा न्हाई. सरळ मागं घ्यायची थोडी. आपसूक निघतो."

हे आधी का नाही सांगितलंत, असं विचारणार होते. पण मी विचारलं होतं कधी?

निवाचेही दोन लहान दांडे आहेत, हे मी नंतर नीट पाहिलं. तिथे हाय-लोच्या जोडीला असतो तो मधलं डिफरन्शियल लॉक करणारा. कारण लॉक नसेल तर एक चाक हवेत गेलं की सगळी ताकद तिथेच वाया. आणि लॉक करून कोरड्या रस्त्यावर गेलात, तर निवाची अवस्था आमच्या जीपसारखीच. सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या काही पिकअप ट्रकांना न्यू प्रोसेस 203 नावाची फुलटाइम ट्रान्सफर केस बसवलेली असे. पुढे कितीतरी मालकांनी, मुख्यतः पेट्रोलच्या खर्चापायी, पदरचे पैसे घालून ती पार्ट टाइम करून घेतली. हे वाचून मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

जीप मागच्या दोन चाकांवर डोंगराच्या पायथ्यापर्यंत आली. वर चढणं शक्यच नव्हतं. क्रॉस लागायला चार दिवस गेले. काकांना शेजारच्या पोरांनी खुर्चीत बसवून वर नेलं. चार दिवस दुधाच्या किटल्या डोक्यावरून उतरल्या. काकू, शेजारच्या दोघी आणि मी. पहिल्या दिवशी माझी किटली हिंदकळून निम्मी सांडली. काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त डोक्यावरची चुंबळ काढून मला दिली.

आता चिखल संपतो तिथे, हापशाजवळ, मी थांबते. दांडा ओढते, आणि जड लागला तर हातभर मागे घेते. काका शेजारी असले तर हापसा दिसायला लागला की खोकतात.