समोरच्याच्या मनातला डाव

अकोल्याच्या माझ्या आतेभावाशी, म्हणजे दादाशी, मी अजूनही मारामारी खेळतो, पण आता ती पत्त्यांवर चालते. या खेळाचं नाव 'योमी'. अमेरिकेतल्या डेव्हिड सर्लिन यांनी तो रचला आणि २०११ साली प्रसिद्ध केला. 'स्ट्रीट फायटर'सारख्या व्हिडिओ गेममधली दोघांची झुंज त्यांनी पत्त्यांत आणली.

नव्वदच्या दशकात उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत मी अमरावतीहून अकोल्याला आत्याकडे जायचो. दुपारी बाहेर पाऊल टाकायची सोय नसायची. कूलरसमोर आम्ही डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं मांडायचो. पैलवानाचं वजन, उंची, छाती यांपैकी एक आकडा बोलायचा, ज्याचा मोठा त्याला पत्ता. आकडे पाठ झाले की त्यात मजा उरत नसे. संध्याकाळी व्हिडिओ पार्लर. तिथे मात्र ज्याची बोटं बटणांवर भराभर चालत, त्याचीच सरशी. दादाचे हात संथ, त्यामुळे डोकं चालूनही तो हरायचा.

योमीत बोटांच्या वेगाला किंमतच नाही. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो. त्याचा स्वतंत्र कॅट असतो, चार रंग आणि दोन जोकर धरून ५४ पत्त्यांचा. दोघांनी एकेक पत्ता पालथा ठेवायचा आणि एकदम उलटायचा. हल्ला पकडीला हरवतो, पकड बचावाला आणि हुलकावणीला हरवते, बचाव आणि हुलकावणी हल्ला निष्फळ करतात. दोघांनीही हल्लाच टाकला तर पत्त्यावरचा वेगाचा आकडा निकाल लावतो. बचाव साधला तर तो पत्ता हातात परत येतो आणि वर एक नवा मिळतो. हुलकावणी साधली तर उलटा तडाखा देता येतो. अनेक पत्त्यांच्या दोन टोकांना दोन वेगळे डाव असतात, म्हणून पत्ता कुठल्या बाजूने ठेवायचा हाही निर्णयच.

दादा 'रूक' घेतो. दगडी देहाचा, मंद, पण पकडीत आला तर सुटका नाही. मी 'सेत्सुकी' ही निंजा मुलगी घेतो. ती वाऱ्यासारखी चपळ, पण तिला मार फार सोसत नाही. रूकची पकड मला ठाऊक आहे, म्हणून मी हल्ला करणार. मी हल्ला करणार हे दादाला ठाऊक आहे, म्हणून तो बचाव करणार. तो बचाव करणार हे ओळखलं, तर मीच पकड टाकायला हवी. असा एकेक थर चढत जातो आणि नेमकं कुठे थांबायचं, तिथे खेळाचा कस लागतो.

"तू आता पकडशीन, मले मालूम हाय," दादा पत्ता ठेवता ठेवता म्हणतो. हे बोलणंही डावाचाच भाग. तो खरं सांगतोय की मला हलवतोय? आखाड्यात पैलवान भिडण्याआधी खडाखडीत एकमेकांचा अंदाज घेतात, तसे आमचे पहिले काही पत्ते जातात. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. त्या गावात वाढल्यामुळे असेल, कुस्तीत ताकदीइतकंच समोरच्याला वाचणं मोलाचं, हे मी लहानपणापासून ऐकत आलो.

जाणकार व्हिडिओ गेममध्येही हेच पाहतात. २००४ च्या 'इव्हो' या व्हिडिओ गेमच्या स्पर्धेत 'स्ट्रीट फायटर' खेळताना जस्टिन वाँगच्या चुन-ली या पात्राने निर्वाणीचा हल्ला चढवला, तेव्हा त्याचा प्रतिस्पर्धी दाइगो उमेहाराच्या केन या पात्रात जेमतेम जीव होता. एकही फटका अंगावर आला असता तर खेळ संपला होता. दाइगोने सगळे फटके परतवले आणि तो सामना फिरवला. त्याची बोटं अचूक होतीच. पण पहिला फटका कधी येणार हे त्याने आधीच हेरलं होतं.

मला हा खेळ फार मोलाचा वाटतो, कारण त्याने दादाची मला नव्याने ओळख करून दिली. चार फटके बसल्यावर तो चिडत नाही, उलट जपून खेळतो. सुस्थितीत असला की मात्र धाडस करतो. हे मला इतक्या वर्षांच्या बोलण्यातून कधी कळलं नव्हतं. माझा उतावळेपणा त्याने कधीच ओळखला आहे. आता त्याची मुलगीही आमच्यात बसते. नियम तिला पाठ झालेत. तिला मी एकच सांगतो: हातातले पत्ते पाहून झाले की मान वर कर, आणि समोर बसलेल्या माणसाकडे बघ.