हानलेच्या काळोखात शनीची भेट

सप्टेंबर २०२३ मध्ये कचेरीची रजा आणि भिशीचे पैसे जमवून आम्ही वस्तीतील सहा जण लडाखला गेलो. हवा विरळ, चार पावले चालले की धाप लागते. म्हणून लेहमध्ये दोन दिवस मुक्काम केला, परवाना काढला आणि अडीचशे किलोमीटरहून दूर असलेल्या हानले गावी पोहोचलो.

टेकडीवर सतराव्या शतकातला बौद्ध मठ आहे. जवळच्या डोंगरावर, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर, भारतीय खगोलीय वेधशाळा. तिथल्या दुर्बिणीचा आरसा दोन मीटर व्यासाचा. शास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव तिला दिले आहे. गंमत म्हणजे ती चालवतात बंगळूरजवळच्या होस्कोटेहून, उपग्रहामार्फत! पाऊस थोडा, हवा कोरडी, जवळ मोठे शहर नाही, म्हणून ही जागा निवडली. डिसेंबर २०२२ मध्ये हा परिसर काळोख जपण्यासाठी राखीव जाहीर झाला. घरातला उजेड बाहेर पडू नये म्हणून खिडक्यांना जाड पडदे लावतात. गावातल्या काही तरुण-तरुणींना दुर्बिणी व प्रशिक्षण मिळाले. पाहुण्यांना तारे दाखवून ते चार पैसे कमावतात.

रात्री अशाच एका मुलीने "जुले" म्हणून आमचे स्वागत केले. बॅटरी विझवायला लावली. थोड्या वेळाने मान वर केली, तर आकाशगंगा या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत पसरलेली! मग तिने दुर्बीण रोखली व म्हणाली, "हा शनी."

आमच्याबरोबरच्या ताई पुढे होईनात. धाकट्याचे लग्न जुळत नव्हते, तेव्हा शेजारणीच्या सांगण्यावरून त्या गुपचूप शनिवारी तेल वाहत असत. मुलीने हात धरून त्यांना पुढे नेले. ताईंनी डोळा लावला. कड्यासकट इवलासा पिवळसर गोळा! सुमारे १३० कोटी किलोमीटर दूर, सूर्याभोवती साडेएकोणतीस वर्षांत एक फेरी मारणारा.

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "एवढ्या लांबून याला माझ्या पोराचं घर कसं हो दिसायचं?"

कोणी हसले नाही. आमच्या घरांतूनही अशा भीतीने चोरपावलांनी शिरकाव केलेला आहे, हे आम्ही जाणून होतो.

बंधू-भगिनींनो, लडाख प्रत्येकाला जमणार नाही. पण सुटीत गावी गेलात, तर एका रात्री अंगणातला दिवा मालवा आणि मुलांना आकाश दाखवा. त्याला पैसा लागत नाही.