ताळेबंदातला पैसा आणि छोटा भागधारक

एखाद्या कंपनीचा शेअर स्वस्त आहे असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्या विधानात दोन वेगळे दावे एकत्र बांधलेले असतात: कंपनीपाशी जे आहे ते बाजारभावावरून वाटते त्याहून अधिक आहे हा पहिला, आणि ते अधिक असलेले कधी ना कधी भागधारकाच्या पदरात पडेल हा दुसरा. गुंतवणुकीवरील बहुतेक लेखन पहिल्या दाव्याच्या छाननीत खर्ची पडते, कारण त्यासाठी लागणारे आकडे छापील मिळतात आणि भागाकार सोपे असतात. दुसरा दावा गृहीतच धरला जातो. पश्चिम महाराष्ट्रातील मध्यम आकाराच्या कंपन्यांचे शेअर दीर्घकाळ बाळगताना प्रस्तुत लेखकाला जे अनुभव आले, त्यांवरून असे दिसते की पहिल्या दाव्यातील हिशेब चुकल्यामुळे छोट्या गुंतवणूकदाराचे जितके नुकसान होते, त्याहून अधिक दुसरा दावा न तपासल्यामुळे होते.

पहिल्या दाव्याचे शास्त्र घडवले ते बेंजामिन ग्रॅहम यांनी. 1929 नंतरच्या पडझडीत त्यांनी सांभाळलेल्या पैशाची मोठी हानी झाली होती, आणि त्या पार्श्वभूमीवर 1934 मध्ये डेव्हिड डॉड यांच्यासह त्यांनी ‘सिक्युरिटी अ‍ॅनालिसिस’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रॅहम यांची सर्वांत कडक कसोटी अशी की रोख रक्कम, ग्राहकांकडील येणी आणि मालसाठा यांच्या बेरजेतून कंपनीची सगळी देणी वजा करावीत, उरलेल्या रकमेला शेअरच्या संख्येने भागावे, आणि आलेल्या आकड्याच्या दोन-तृतीयांशाहून कमी भावात शेअर मिळत असेल तरच तो घ्यावा. जमीन, इमारत आणि यंत्रे मग फुकटात पडतात. हिशेबात काही चुकले तरी तोटा आवाक्यात राहावा म्हणून मोल आणि भाव यांच्यात राखलेल्या या फरकाला ‘मार्जिन ऑफ सेफ्टी’, म्हणजे सुरक्षिततेचे अंतर, असे नाव आहे.

ही कसोटी किती खरी आणि किती अपुरी, याचा उत्तम दाखला ग्रॅहम यांचे शिष्य वॉरन बफे यांच्याच व्यवहारात मिळतो. न्यू बेडफर्ड येथील बर्कशायर हॅथवे या कापडगिरणीचे शेअर बफे यांच्या भागीदारी संस्थेने डिसेंबर 1962 मध्ये 7.50 डॉलर दराने घ्यायला सुरुवात केली, तेव्हा दर शेअरमागे खेळते भांडवल 10.25 डॉलर आणि पुस्तकी मूल्य, म्हणजे सर्व देणी वजा जाता ताळेबंदात उरणारी भागधारकांची रक्कम, 20.20 डॉलर होते. आकड्यांत खोट काहीच नव्हती. पुढे 1965 मध्ये गिरणीचा ताबाच बफे यांच्याकडे आला, आणि 1985 मध्ये कापडाचा धंदा बंद करून यंत्रे विकायला काढली तेव्हा 1981 साली प्रत्येकी 5,000 डॉलर देऊन घेतलेल्या मागांना 50 डॉलरनाही गिऱ्हाईक मिळेना. शेवटी ते प्रत्येकी 26 डॉलर या भावाने भंगारात गेले आणि ते उचलून नेण्याचा खर्च त्याहून अधिक आला. पुस्तकी मूल्य हे चालत्या कारखान्यापुरते खरे असते आणि कारखाना थांबला की त्याच यंत्राला वेगळा हिशेब लागू होतो, ही गोष्ट बफे यांनी स्वतःच भागधारकांना लिहिलेल्या पत्रात इतक्या तपशिलाने नोंदवली आहे की ती वेगळी सिद्ध करण्याची गरज उरत नाही. शिवाय तिथे किल्ली बफे यांच्या हाती होती: गिरणीतून सुटेल तो पैसा विमा कंपनीत आणि अन्य व्यवसायांत वळवण्याचा अधिकार त्यांना होता, जो शंभर-दोनशे शेअरच्या धन्याला कधीच नसतो.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास या बाबतीत अधिक बोलका आहे. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर अनेक गिरण्यांचे उत्पन्न संपल्यातच जमा झाले, परंतु लालबाग, परळ, वरळी आणि लोअर परळ या भागांतील त्यांच्या जमिनी मूळ जुन्या किमतीनेच ताळेबंदात पडून होत्या, आणि दलाल स्ट्रीटवर या शेअरांकडे कापडापेक्षा जमिनीचे शेअर म्हणून पाहिले जाऊ लागले. हिशेब वरवर सोपा होता: एकर गुणिले बाजारभाव, भागिले शेअर. प्रत्यक्षात 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील 58 व्या नियमाने जमीन विकसित करण्यास वाट दिली तीच मुळी महापालिका, म्हाडा आणि मालक यांच्यात वाटणीच्या अटीवर. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीला लागू होईल असे ठरवले. त्या दुरुस्तीला आव्हान दिले गेले आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. म्हणजे एकाच एकराचे मोल नियमाच्या एका ओळीनुसार बदलत होते, आणि त्यावर कामगारांची थकलेली देणी व बँकांची कर्जे यांचा हक्क भागधारकाच्या आधी येत होता. त्या काळात गिरण्यांच्या जमिनीची मोजदाद करणारे पुष्कळ भेटत, रांगेत आपण कितवे हे विचारणारे फारसे भेटत नसत.

हेच प्रश्न लहान प्रमाणात प्रस्तुत लेखकासमोर उभे राहिले ते भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या निमित्ताने, जिचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. जानेवारी 2008 मध्ये 21,000 वर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरमध्ये 8,000 च्याही खाली उतरला होता, वाहन उद्योगाची मागणी आटली होती, आणि या कंपनीचा भाव इतका खाली आला होता की तिच्या सर्व शेअरांची बाजारातील एकूण किंमत तिच्या बँकेतील ठेवी आणि म्युच्युअल फंडांतील रकमेपेक्षाही कमी भरत होती. कर्ज जवळपास नव्हते. नफा घटला होता, पण तोटा झालेला नव्हता. ग्रॅहम यांच्या कसोटीवर कंपनी उतरत होती, आणि शेअर घेतले गेले.

त्यानंतरचा वर्षानुवर्षांचा काळ हा मुख्यतः वार्षिक अहवाल वाचण्याचा होता, आणि तो वाचण्याचा क्रम हळूहळू उलटा होत गेला. सुरुवातीची रंगीत पाने, अध्यक्षांचे निवेदन, वृक्षारोपणाची छायाचित्रे हे सारे ओलांडून थेट मागच्या टिपांकडे जाण्याची सवय लागली, कारण ताळेबंदात एका ओळीत दिसणारी रक्कम प्रत्यक्षात कुठे आहे हे तिथेच उघड होते. जमिनीविषयीच्या टिपेतून असे कळले की ज्या भूखंडाची किंमत भागधारक आपापसांत मोठ्या उत्साहाने मोजत होते तो औद्योगिक विकास महामंडळाकडून 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतलेला आहे. तो दुसऱ्याच्या नावे करायचा तर महामंडळाची परवानगी आणि हस्तांतर शुल्क या दोन्ही गोष्टी आल्या. रोकड मात्र खरी होती, आणि ती दरवर्षी वाढत होती, तर लाभांश जिथल्या तिथे होता.

कंपनीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत या गोष्टीचा उलगडा होईल अशी अपेक्षा बाळगणे हा भोळेपणा ठरत नाही, कारण भागधारकाला प्रश्न विचारण्याचा हक्क कायद्यानेच दिलेला आहे; फक्त सभेचे वळण वेगळे असते. दाराशी हजेरीच्या चिठ्ठीवर सही, आत वेफर आणि बर्फीचे पाकीट, मग नेहमीचे वक्ते एकामागून एक उभे राहून अहवालाच्या छपाईची आणि अध्यक्षांच्या प्रकृतीची स्तुती करतात, एखादा बोनस शेअरची मागणी करतो, आणि अर्ध्या-पाऊण तासात ठराव संमत होतात. प्रस्तुत लेखकाने एवढेच विचारले होते की धंद्याला लागते त्याच्या कितीतरी पट अधिक असलेली ही रक्कम कशासाठी राखली आहे, आणि शेअरची पुनर्खरेदी करण्याचा, म्हणजे कंपनीने स्वतःचेच शेअर भागधारकांकडून विकत घेऊन रद्द करण्याचा, विचार आहे काय. भाव पुस्तकी मूल्याच्या खाली असताना अशी पुनर्खरेदी केल्यास उरलेल्या प्रत्येक शेअरमागचे पुस्तकी मूल्य वाढते, हे साधे गणित आहे. अध्यक्षांचे उत्तर अतिशय सौजन्याचे होते: सूचना चांगली आहे, संचालक मंडळ योग्य वेळी तिचा विचार करील.

योग्य वेळ आली, पण वेगळ्या रूपाने. पुढल्या एका अहवालात म्युच्युअल फंडांतील रक्कम एकदम घटलेली आणि ‘इतर चालू मालमत्ता’ या निरुपद्रवी शीर्षकाखालचा आकडा तितकाच फुगलेला दिसला. संबंधित पक्षांशी झालेल्या व्यवहारांच्या टिपेत, म्हणजे प्रवर्तक, त्यांचे नातेवाईक आणि त्यांच्या मालकीच्या संस्था यांच्याशी केलेले व्यवहार जिथे जाहीर करावे लागतात तिथे, तो आकडा पुन्हा भेटला: प्रवर्तक कुटुंबाच्या एका खासगी कंपनीला दिलेली आंतर-कंपनी ठेव. व्याजाचा दर बँकेपेक्षा बरा होता आणि नफा-तोटा पत्रकात व्याज जमाही झालेले होते. रोख प्रवाह पत्रकात मात्र, जे केवळ प्रत्यक्ष हातात आलेला आणि हातून गेलेला पैसाच मोजते, ते व्याज आढळेना, कारण ते वसूल न करता मुद्दलातच मिळवले गेले होते. नफा वाढला होता, शेअरमागची कमाई वाढली होती, आणि म्हणून भाव भागिले कमाई हे गुणोत्तर, ज्याला बाजारात पीई म्हणतात, पूर्वीपेक्षाही आकर्षक झाले होते. यात बेकायदा असे काही नव्हते. लेखापरीक्षकांचा शेराही स्वच्छ होता. एकत्र कुटुंबातल्या तिजोरीत धाकट्याचा वाटा कागदोपत्री कितीही असला तरी किल्ली थोरल्याच्या कमरेला असते, तसा हा प्रकार होता. शेअर विकले गेले, आणि विक्रीनंतर काही काळ भाव वाढतही राहिला, कारण पीई पाहून घेणारे खरेदीदार बाजारात केव्हाही असतात.

याच सुमारास घेतलेला दुसरा शेअर कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीचा होता, आणि तो कोणत्याही रूढ कसोटीवर स्वस्त म्हणता आला नसता. नवा भट्टी-विभाग नुकताच सुरू झाल्यामुळे घसारा, म्हणजे यंत्राची किंमत त्याच्या आयुष्यभरात थोडीथोडी खर्ची टाकण्याची रक्कम, आणि कर्जावरचे व्याज या दोहोंनी नफा जवळजवळ खाऊन टाकला होता, त्यामुळे पीई डोळे फिरवणारा दिसत होता. परंतु घसाऱ्यासाठी दरवर्षी कुणाला धनादेश द्यावा लागत नाही. यंत्राचे पैसे आधीच गेलेले असतात. धंद्यातून येणारी रोकड नफ्याच्या कितीतरी पट होती, ती रोकड ठरल्याप्रमाणे कर्ज फेडण्यात जात होती, प्रवर्तकांचे वेतन माफक होते आणि संबंधित पक्षांच्या टिपेत एका गोदामाच्या भाड्यापलीकडे काही नव्हते. कर्ज फिटत गेले तसे व्याज घटले, लाभांश वाढू लागला आणि बाजाराला हा शेअर स्वस्त होता असे मागाहून कळले. इथे मूल्यमापनाचे कौशल्य असे फारसे नव्हते. पैसा कोणत्या वाटेने बाहेर पडतो आहे हे अहवालात दिसत होते, आणि ती वाट भागधारकाच्या दिशेने जात होती, इतकेच.

वाट बंद असेल तर मोल किती काळ अडकून पडू शकते, याचे टोकाचे उदाहरण एल्सिड इन्व्हेस्टमेंट्स या कंपनीने पुरवले. 1942 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या एशियन पेंट्सचे शेअर बाळगून असलेली ही गुंतवणूक कंपनी. तिचे एकूण शेअर अवघे दोन लाख, त्यांतील तीन-चतुर्थांश प्रवर्तकांकडे. शेअर बाजाराच्या फलकावर तिचा भाव 3 रुपये 53 पैसे होता, तर दर शेअरमागचे पुस्तकी मूल्य लाखांत जात होते, आणि हा फरक ताळेबंद वाचणाऱ्या प्रत्येकाला उघड दिसत होता. त्या भावाने विकायला अर्थातच कुणी तयार नव्हते, आणि दिवसाला ठरावीक टक्क्यांहून अधिक भाव हलू नये या मर्यादेमुळे तो खऱ्या पातळीवर पोचण्याचा मार्गही नव्हता. प्रवर्तकांनी शेअरमागे 1,61,023 रुपये देऊन कंपनीची नोंदणी बाजारातून काढून घेण्याचा प्रस्ताव मांडला होता. तो आवश्यक संमतीअभावी पडला, आणि ज्यांनी विरोध केला त्यांचा हिशेब चुकला असे म्हणता येणार नाही.

पुढे सेबीने जून 2024 मध्ये अशा गुंतवणूक व धारक कंपन्यांसाठी भावमर्यादा नसलेला विशेष लिलाव घेण्याची तरतूद केली, आणि 29 ऑक्टोबर 2024 रोजी त्या लिलावात एल्सिडचा भाव 2,25,000 रुपये ठरून दिवसअखेर 2,36,250 वर बंद झाला. कंपनीत त्या दिवशी काहीही बदलले नव्हते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी तिला देशातील सर्वांत महाग शेअर म्हटले, आणि जुन्या कपाटांत शेअर प्रमाणपत्रे शोधण्याची एक लाट येऊन गेली. तरीही तो भाव पुस्तकी मूल्याच्या निम्म्याहून कमी होता, आणि एवढ्या गाजावाजात या राहिलेल्या अर्ध्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. त्यामागचे कारण सरळ आहे: एशियन पेंट्सचे ते शेअर हा प्रवर्तक कुटुंबांच्या मूळ कंपनीवरील नियंत्रणाचा भाग आहे, ते विकून आलेला पैसा भागधारकांत वाटला जाईल असे मानण्यास काही आधार नाही, आणि लिलावातील खरेदीदारांनी नेमकी तेवढी सूट कापून घेतली.