रिकामी चौकट

मुलांनो, संगणक शिकायचा म्हणजे नेमकं काय शिकायचं? चित्र रंगवणं, खेळ खेळणं, आपलं नाव मोठ्या अक्षरांत टाइप करणं हे तर तुम्हाला येतंच. पण गणित-विज्ञानाच्या अभ्यासात संगणकाचा खरा उपयोग होतो तो आकड्यांच्या तक्त्यासाठी. एक्सेलचा तक्ता तुम्ही पाहिला असेल. उभे रकाने, आडव्या ओळी आणि छोट्या छोट्या चौकटी! असा ‘व्हिसिकॅल्क’ नावाचा तक्ता १९७९ साली छोट्या संगणकांवर आला. एक आकडा बदलला की बेरीज आपोआप बदलते, हीच त्याची गंमत.

आमच्या राजापुरात अर्जुना आणि कोदवली या नद्या चढल्या, की जवाहर चौकात पाणी येतं. दुकानदारांची माल हलवायची धांदल उडते. किती पाऊस झाला की पाणी चढतं, हे शोधायचं सातवीच्या मुलांनी ठरवलं. शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक ठेवला. रोज सकाळी साडेआठला पाणी मोजायचं. हवामान खात्याची वेळही हीच!

एका आठवड्याचे आकडे मिलिमीटरमध्ये असे आले : ४२, ०, १८, ६५, ३० आणि ५५. दिवस सात, आकडे मात्र सहाच! एका रात्री वाऱ्याने पर्जन्यमापक कलंडला होता.

“बाई, तिथे शून्य टाकूया,” एक मुलगा म्हणाला.

“अरे, पाऊस तर पडत होता ना?”

“मग वीस टाका. आलेख छान दिसेल!”

जवाहर चौकात दुकान असलेली मुलगी एकदम उसळली. “वीस कुणी मोजले? त्याच रात्री आमच्या पायरीला पाणी लागलं होतं. उद्या हा तक्ता बघून कुणी म्हणेल, वीस मिलिमीटरलाच पाणी चढतं!”

सगळा वर्ग गप्प झाला. मग आम्ही सरासरी काढून पाहिली. बेरीज २१०. न मोजलेल्या दिवशी शून्य टाकलं, तर संगणकाने सातांनी भागलं. सरासरी आली ३०. ती चौकट रिकामी ठेवली, तर भागाकार सहाने झाला. सरासरी ३५. आणि कोरड्या दिवसाचं शून्यही पुसलं, तर सरासरी थेट ४२! पाऊस तोच, उत्तरं तीन. संगणकाने एकदाही तक्रार केली नाही. शून्य म्हणजे ‘मोजलं, पण पाऊस नव्हता’ आणि रिकामी चौकट म्हणजे ‘मोजलंच नाही’, हा फरक आपणच त्याला सांगायचा असतो. आमच्या तक्त्यात आम्ही ३५ ठेवले. रिकाम्या चौकटीशेजारी कारणही लिहिलं.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ साली ‘प्रत्यूष’ हा महासंगणक सुरू झाला. हवामानाच्या अंदाजासाठी तो प्रचंड गणितं झटपट करू लागला. पण त्यालाही आकडे पुरवावे लागले ते खरोखर मोजलेलेच!

तुम्हीही करून पाहा. सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवा. पट्टीने पाण्याची उंची मोजा. एक मिलिमीटर भरली, तर एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी पडलं असं समजा. आकडे आधी वहीत लिहा, मग संगणकात भरा. घरी संगणक नसला तरी अडत नाही, चौकटी वहीतही आखता येतात. आणि एखाद्या दिवशी मोजायचं राहिलं, तर ती चौकट खुशाल रिकामी ठेवा!