पाणी खाली, रान वर

पावसाळा भरात आला की कोल्हापुरात एकच चौकशी: राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले? स्वयंचलित दरवाजे सात. एकेकातून सेकंदाला 1428 घनफूट पाणी सुटतं. मग पंचगंगा नदी राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांच्या इशारा पातळीला कधी टेकते, याकडे सगळ्यांचे डोळे. पाणी ओसरलं की राधानगरीचं नावही ओसरतं.

शाहू महाराजांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हे धरण हाती घेतलं. पैशाअभावी काम रेंगाळलं, ते स्वातंत्र्यानंतर पुरं झालं. त्या दूरदृष्टीपुढे मी आजही हात जोडतो. धरणात अडवलेलं भोगावती नदीचं पाणी बंधाऱ्याबंधाऱ्यातून खाली गेलं आणि उसाचं, कारखान्यांचं सधन कोल्हापूर उभं राहिलं.

धरणाच्या वर मात्र वेगळं आहे. जलाशयाच्या कडेला चढावर एका म्हातारीच्या सोप्यात बसलो होतो. समोर पाणीच पाणी, आणि तिचं रान त्याच्याही वर. भात आणि नाचणी, दोन्ही पावसाच्या भरवशावर. दिवाळीनंतर जमीन पडून. "डोळ्याला दिसतंय, पर रानाला मिळत न्हाई," ती म्हणाली. मग उठून बांधावर घेऊन गेली. रात्री गवे येऊन गेले होते. आडवं झालेलं भात, आणि चिखलात खोल उमटलेल्या खुरांत साठलेलं पाणी. एक रोप उचलून तिने ते पुन्हा चिखलात खोचलं. तिचा थोरला पुण्याला असतो, धाकटा इचलकरंजीला मागावर.

विकासातला असमतोल मोजायला 1983 साली राज्य सरकारने वि. म. दांडेकर समिती नेमली. तिने विकासाचा अनुशेष मोजला तो जिल्हा धरून, राज्याच्या सरासरीशी ताडून. ते काम मोलाचं होतं. विदर्भ-मराठवाड्याचं दुखणं आकड्यांत मांडलं गेलं. पण जिल्हा धरला की खालच्या शिरोळचा ऊस आणि धरणाच्या वरच्या दाजीपूरची नाचणी एकाच बेरजेत जातात, आणि बेरीज सधन निघते. 1994 ला विकास मंडळं झाली: विदर्भ, मराठवाडा, उर्वरित महाराष्ट्र. म्हातारीचं रान त्या 'उर्वरित'मध्ये. तिच्यापर्यंत पोहोचायचं तर गाव धरून, चढ-उतार धरून मोजायला हवं होतं. अजूनही हवं आहे.

आम्ही बांधावरून परतलो तोवर पाऊस वाढला होता. पुण्याहून थोरल्याचा फोन आला.

"आई, दरवाजं उघडलं व्हय? हितं बातम्यांत दावाय लागल्यात."

"उघडलं असतील बाबा," म्हातारी म्हणाली, "मी भात लावाय गेलतो."